भूत एकदाच हाक मारतं

"फुकटातलं आहे ना ते? मग असंच व्हायचं!"

आमच्या संस्थेचे अध्यक्ष भर बैठकीत हे बोलले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून पुरती उतरलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. एका जुन्या संगणकापायी बाईनं एवढं काय पेटायचं, असं कुणाला वाटेल. वाटू दे. त्या संगणकावर एक अख्खी वाडी अवलंबून होती आणि त्या वाडीत एका सुनेचे दिवस भरत आले होते.

मी मूळची वराळ्याची. गावात कंपन्या आल्या, इमारती आल्या, आमच्या बांधाला लागून कुणाचं तरी पार्किंग आलं. मीही संगणकाचा कोर्स करून एका कंपनीत दहा वर्षं दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळले. कंटाळले तेव्हा वडगावला या संस्थेत आले. इथलं काम सरळ आहे. डोंगरावरच्या वाड्यांमधून अडलेल्या बायका, आजारी माणसं खाली दवाखान्यात पोचवायची. त्यासाठी तीन जीपा, तीन ड्रायव्हर आणि एक फोन नंबर. तो नंबर वाड्यांमधल्या भिंतींवर गेरूनं लिहिलेला आहे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या बायकांना तो तोंडपाठ आहे.

हा नंबर वाजतो आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीतल्या एका संगणकावर. त्यावर मी टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर बसवलं आहे. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचं आतलं सगळं कोड जगापुढे मांडलेलं असतं. कुणीही वाचावं, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर दुरुस्त करून सगळ्यांना द्यावी. वाडीचा फोन आला की ते एक्स्चेंज त्या बाजूच्या ड्रायव्हरचा मोबाइल वाजवतं. ड्रायव्हर कुठंही असला तरी फोन वाजला पाहिजे, म्हणून तो संगणक सतत इंटरनेटला जोडलेला असतो.

पण वाडीवरून फोन करून कुणी बोलत नाही. बॅलन्स असेलच असं नाही, आणि रेंज एवढी लहरी की 'हॅलो' म्हणेपर्यंत गेलेली असते. म्हणून एक रिंग द्यायची आणि कापायचा. एक मिस्ड कॉल म्हणजे 'गाडी धाडा'. ड्रायव्हरनं जीप काढायची आणि डांबरी जिथं संपते तिथं जाऊन उभं राहायचं. वाडीतली माणसं पेशंटला तिथवर आणतात. ही पद्धत माझी नाही, मी यायच्या आधीपासूनची आहे. शहरात मिस्ड कॉल म्हणजे न झालेला फोन. आमच्याकडे तोच अख्खा फोन.

ड्रायव्हरच्या स्क्रीनवर लांबलचक नंबर नको, म्हणून मी प्रत्येक वाडीला एक छोटा आकडा दिला. भाजे गावाच्या वरच्या वाडीला शंभर, तिच्या पुढच्या वाडीला एकशे एक, असं ओळीनं. शंभरापासून मोजायला लागले, कारण सगळेच शंभरापासून मोजतात. हे वाक्य लक्षात असू द्या, कारण इथंच माती खाल्ली.

मे महिन्यातली गोष्ट. त्या शंभर नंबरच्या वाडीकडं जाणारी जीप भाऊ चालवतो. भाज्याच्या बाजूचा माणूस, घरची भातशेती, शनिवार-रविवारी पर्यटकांना लेण्यांकडं नि गडाच्या पायथ्याला नेऊन सोडायचं काम. वयानं माझ्याहून मोठा आणि रागानं त्याहूनही. एका शनिवारी त्याच्या मोबाइलवर शंभर नंबरची एक रिंग आली. त्यानं गाडीत बसलेले पाहुणे उतरवले, सुट्टीच्या गर्दीतून जीप वर नेली, डांबरी संपते तिथं तासभर उन्हात उभा राहिला. कुणी आलं नाही. रविवारी परत तेच. सोमवारी सकाळी परत. तिथून तो तडक माझ्या ऑफिसात आला.

"ताई, तीन येळा गेलतो. तीन येळा! काळं कुत्रं न्हवतं तितं."

"भाऊ, बसा तरी. पाणी घ्या."

"पानी नगं. वाडीतली पोरं चाळं करत्यात. फोन हाताला घावला की दाबायचा, बास. आता शंभर नंबर वाजला तरी मी जायाचा न्हाई, सांगून ठेवतो."

मी म्हटलं, असं एकदम बोलू नका, मी बघते. पण त्याला धीर कुठला! संध्याकाळपर्यंत मळवली स्टेशनबाहेरच्या सगळ्या जीपवाल्यांना कळलं होतं की वाडीवाले गंमत म्हणून गाडी बोलावतात. एकानंही विचारलं नाही की बाबा, खरंच का? डोंगरावरच्या माणसाबद्दल काहीही बोला, खालच्यांना लगेच पटतं. माझ्या घरातसुद्धा एकजण म्हणाला, "त्यांचं असंच असतं." मी त्या दिवशी त्याला वाढलं नाही. हातानं घे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. मावशी म्हणजे त्या वाडीची सुईण, आणि वाडीचा फोन तिच्याच कमरेला असतो. डोंगर उतरून, मळवलीला लोकल धरून ती वडगावला पोचली, माझ्या टेबलावर पळसाच्या पानातली करवंदं ठेवली आणि उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाय, म्या रिंग दिल्याली न्हाई. फोनाला कुलूप हाय, त्ये माज्या बोटाबिगर उघडत न्हाई. आमी गरीब आसू, पन खोटी हाक आमच्यात कुनी मारत न्हाई. खालची मानसं काय बोलत्यात त्ये समदं वर आलंय."

"मावशी, मला माहीत आहे."

"तुला म्हाईत आसून काय करू? माज्या सुनंचं दिस भरल्यात. पयल्या टायमाला लय अडली व्हती. आता मी खरी रिंग दीन तवा भाऊ येनार न्हाई. मंग तिला काय पाठीवर घिऊन उतरू?"

 मी मावशीला खुर्चीवर जवळजवळ दाबून बसवलं आणि मागच्या खोलीत जाऊन संगणकाची नोंद उघडली. कुणी कधी फोन केला, कुठून केला, हे तो स्वतःच लिहून ठेवतो. हे मी भाऊ आला त्या सोमवारीच बघायला हवं होतं.

शनिवारची रिंग मावशीच्या मोबाइलवरून आलीच नव्हती. ती आणि पुढच्या दोन्ही रिंगा आल्या होत्या इंटरनेटवरून, जगाच्या पाठीवरच्या कुठल्यातरी मशीनवरून. असे प्रोग्राम असतात, ते दिवसभर जगातल्या प्रत्येक एक्स्चेंजचं दार ठोठावत हिंडतात. कुणाचं उघडं सापडतंय का, आत शिरून दुसऱ्याच्या जिवावर फोन करता येतात का, एवढंच बघायचं असतं त्यांना. ठोठावताना सांगायला काहीतरी आकडा लागतो. मग तो प्रोग्रामही शंभरापासूनच सुरुवात करतो. 'मी शंभर बोलतोय,' म्हणतो, एक रिंग देतो आणि पुढच्या घराकडं जातो. आमचं वाकडं करायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला वाडी माहीत नाही, मावशी माहीत नाही, मावळ माहीत नाही. आमच्या एक्स्चेंजनं मात्र 'शंभर' ऐकलं आणि इमानदारीत भाऊला उठवलं.

पण मुळात अनोळखी मशीनचा फोन आत आलाच कसा? हे शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आणि सापडलं तेव्हा वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

सॉफ्टवेअर बसवताना एक सेटिंग असतं. ज्याची आपल्याकडं नोंद नाही, अशा पाहुण्याचा फोन घ्यायचा का? मी 'हो' केलं होतं. मला ती दुपार चांगली आठवते. मनात आलं होतं, वाडीवरून कोण कुणाच्या फोनवरून करेल काय सांगावं, दारी आलेला पाहुणा परत कशाला लावायचा? आमच्या वराळ्याच्या घरात पाण्याचा तांब्या देऊन मग कोण-कुठले विचारतात. तेच मी मशीनला शिकवलं. पुढं, काही महिन्यांपूर्वी, त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. सोबतच्या सूचनेत साध्या शब्दांत लिहिलं होतं की अनोळखी पाहुण्यांना आत घेणं धोक्याचं ठरतंय, आम्ही ते आता आपोआप बंद ठेवतोय. ती सूचना माझ्या मेलमध्ये न उघडता पडली होती. कारण? चालतंय ना, मग हात कशाला लावा! दहा वर्षं कंपनीत दुसऱ्यांना याच गोष्टीसाठी झापलं आणि स्वतःच्या घरी हेच केलं.

हे सगळं मी त्याच दुपारी बैठकीत सांगितलं. अध्यक्षांनी बैठक घाईनं बोलावली होती आणि एका कंपनीच्या विक्रेत्यालाही बोलावून ठेवलं होतं. टेबलावर त्याच्या कंपनीच्या एक्स्चेंजचं बंद खोकं, शेजारी त्याचा लॅपटॉप. मावशी म्हणाली, मी बी हितंच बसते, आणि दाराशी भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, चूक माझी आहे. सॉफ्टवेअरवाल्यांनी भोक दाखवलं होतं, बुजवायचं सामान दिलं होतं, मीच बुजवलं नाही. वाडीची काडीचीही चूक नाही. हे आधी लिहून घ्या, मग पुढचं बोलू.

तर अध्यक्षांचं ते वाक्य. फुकटातलं आहे ना ते?

"सर, फुकटातलं आहे म्हणून नाही झालं. मी आळस केला म्हणून झालं. तुम्ही मला बोला, त्याला नको."

विक्रेता गोड हसला. "मॅडम, ओपन म्हणजे उघडंच ना? चोराला आतला नकाशाच दिला की तुम्ही. आमची सिस्टिम बंद असते. आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही."

"तुम्हाला तरी दिसतं का?"

"मला नाही. ते कंपनीला."

"म्हणजे उद्या भोक पडलं तर मी कुणाकडं बघायचं? खोक्याकडं?"

अध्यक्षांनी हात वर केला, वाद नको म्हणाले. विक्रेत्यानं मग आपलं खास अस्त्र काढलं. म्हणाला, या भुताटकीच्या रिंगा आमच्याकडे येऊच शकत नाहीत, कारण पाच सेकंदांच्या आतला प्रत्येक कॉल आमची सिस्टिम कचरा समजून आपोआप टाकून देते.

खोलीत सगळे माना हलवत होते. मावशी म्हणाली, "काय म्हनतो त्यो?"

मी सरळ सांगितलं. "मावशी, तुमची एक रिंग म्हणजे कचरा आहे म्हणतो. त्याचं मशीन ती फेकून देणार."

मावशी उठली. आवाज चढवला नाही तिनं. "कचरा व्हय? माज्या सुनंला नववा सरत आलाय. तिला बी त्यात टाकतो का, इचार त्याला."

 विक्रेत्यानं पाण्याचा ग्लास उचलला. मला त्या क्षणी एवढा आनंद झाला की तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

मग मावशीनं मला विचारलं, ती रिंग आली तरी कुठनं? मी म्हटलं, कुठलं तरी लांबचं मशीन आहे, एकदा हाक मारतं आणि नाहीसं होतं. त्यावर ती म्हणाली, "आगं, मंग त्ये भूतच की! तिन्हीसांजंला रानात हाक आली तर लगीच ओ द्यायची नसती, एवडं बी ठावं न्हाई व्हय तुला? भूत एकदाच हाक मारतं. आपुन उलट हाक मारायची. मानूस आसंल तर ओ दील, भूत काय ओ देत न्हाई."

अध्यक्ष हसले. विक्रेताही हसला. मी हसले नाही, मी वही ओढली आणि लिहून घेतलं. कंपनीत आम्हाला हीच गोष्ट शिकवायला बाहेरून माणसं आणत. समोरचा सांगतो ते नाव खरं मानू नका, आपल्याकडं नोंदवलेल्या नंबरवर उलट फोन करून खात्री करा. मावशी ते रानात चालता चालता शिकली होती.

मी अध्यक्षांना म्हटलं, एक आठवडा द्या. आठवड्यात ठीक केलं नाही तर ते खोकं मी स्वतः बसवीन आणि राजीनामाही देईन. ते म्हणाले, राजीनाम्याचं काही नको, पण एकच आठवडा. खोकं तिथंच कपाटावर ठेवलं गेलं, माझ्या डोक्यावर.

कामाला लागले. आधी सगळ्याची प्रत काढून ठेवली, मग नवी आवृत्ती बसवली. पाहुण्यांचं दार बंद. वाड्यांचे शंभर, एकशे एक बदलून कुणाला अंदाज लागणार नाही असे आकडे दिले. दोन-तीनदा चुकीचं ठोठावणाऱ्याला पुढं दारच दिसू नये, अशी सोय केली. राहिलं उलट हाक मारायचं. त्यासाठी त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या जाहीर चर्चेत, माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, सगळी हकिगत मांडली. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या माणसानं त्याच दिवशी उत्तर दिलं, पाच सेकंदांच्या आतले कॉल टाकून द्या. अरे देवा, हाही तेच! मी चिडून लिहिलं, आमच्याकडं रिंग हाच निरोप असतो, ती टाकली तर बाई मरेल. तासाभरानं त्यानं माफी मागितली आणि उलट फोन करायच्या कोडच्या थोड्या ओळी लिहून धाडल्या. त्या ओळींत दुसऱ्या एकीनं चूक काढली. अशानं तुमचंच मशीन कुणाही परक्याला फोन करत सुटेल, म्हणाली, फक्त यादीतल्या नंबरांनाच करा. ना ओळख, ना देश एक, ना कुणी पगार दिलेला. तीन घरच्या बायांनी एकीचं वाळवण उचलावं तसं त्यांनी माझं काम उचललं. आणि म्हणे उघडं आहे म्हणून धोका! उघडं होतं म्हणून तर कुणाला तरी दिसलं.

पाचव्या दिवशी मी स्वतः वाडीवर गेले. भाज्यातून तासभर चढ. उंबराखाली एका दगडावर उभं राहिलं तरच तिथं रेंज मिळते. मावशीनं रिंग दिली, कापली. लगेच तिचा फोन उलट वाजला, तिनं तोही कापला. ठरलं होतं तसंच, उलट फोन कापला किंवा उचलला की हाक खरी. खाली मळवलीत भाऊचा मोबाइल वाजला. मी त्याला फोन करून विचारलं, आली का रिंग?

"आली. पन तुज्या मशीनचं काय खरं न्हाई, ताई."

"मशीनचं सोडा. मावशीचं खरं मानता की नाही?"

त्यानं फोन ठेवून दिला. मावशीच्या घरात सून दाराच्या चौकटीला धरून उभी होती, घामाघूम. तिनं मला चहा दिला आणि भाऊ येणार का, एवढंच विचारलं. येतील, म्हटलं. 

सहाव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला माझ्या स्क्रीनवर त्या वाडीचा नवा आकडा उमटला. एक रिंग. मशीननं उलट फोन लावला. चाचणीत मावशीनं दुसऱ्या रिंगला कापला होता. आता दुसरी गेली, तिसरी गेली, चौथी गेली. कापेना. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आणि मग स्क्रीनवर आलं, उचलला. एक्स्चेंजनं तो फोन तसाच भाऊला जोडून दिला. मी घाईघाईनं माझ्या मोबाइलवरून भाऊला लावला, तर लागेना. दहा मिनिटांनी लागला.

"भाऊ, कुठं आहात? निघा हो, खरी आहे, मशीननं खात्री केलीय..."

"अगं, मी भाज्याच्या वर आलोय. तुज्या मशीनची वाट बघत बसू का? ठेव फोन!"

दुसऱ्या दिवशी बैठक होती. अध्यक्षांनी विचारलं, मग आता हे सुरक्षित आहे का? मी म्हटलं, आजपुरतं आहे. उद्याचं उद्या सकाळी बघेन, आणि रोज बघेन. चहाआधी सूचना वाचते मी आता. असं कुणी विक्रेता तुम्हाला सांगणार नाही, तो 'कायमचं सुरक्षित' म्हणेल. त्यांना हे उत्तर आवडलं नाही, पण तेवढ्यात भाऊ उभा राहिला. बैठकीत तो आजवर कधी बोलला नव्हता.

म्हणाला, फोन कानाला लावला तर पलीकडनं मावशी 'ओ!' म्हणाली. एकच शब्द, मग रेंज गेली. डांबरीच्या टोकाला पोचलो तर चौघंजण सुनेला झोळीत घेऊन आले होते. मी जीपचं दार धरून मावशीच्या पुढं उभा राहिलो. म्हणालो, मावशी, त्या दिशी तुमच्या पोरांना बोललो, वाडीला खोटं पाडलं, चुकलं माजं, माफी करा.

"मग? काय म्हणाल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

भाऊनं डोळे पुसले आणि तो हसायलाच लागला. "म्हनली, माफी मंग माग रे! आदी गाडी हाण!"

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बैठक तिथंच संपली. मी स्टुलावर चढून कपाटावरचं ते खोकं उतरवलं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं.